टाकाऊ गाद्यांची विल्हेवाट

रुग्णालयातील जुनी गादी फाटकाबाहेर ठेवली, तर ती तेथे फार काळ राहत नाही. परळ परिसरात परगावाहून आलेल्या रुग्णांचे अनेक नातेवाईक पदपथावर रात्र काढतात. ती गादी त्यांपैकी कोणाचे तरी अंथरूण होते. आत मुरलेले रक्त मात्र वरून पुसल्याने जात नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ आवाराच्या स्वच्छतेचा नाही, असे आम्ही मानतो.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रक्ताने वा शरीरद्रवाने दूषित झालेल्या टाकाऊ गाद्या पिवळ्या वर्गात मोडतात. क्लोरीनविरहित रसायनाने निर्जंतुक करून त्या भस्मीकरणासाठी अधिकृत सामायिक प्रक्रिया केंद्राकडे सुपूर्द केल्या जातात. क्लोरीनयुक्त द्रव्ये जळताना डायॉक्सिनसारखी विषे निर्माण होऊ शकतात, म्हणून ही अट. आवारात उघड्यावर गादी जाळणे तर अधिकच घातक. जळत्या फोममधून विषारी वायू बाहेर पडतात.

घरातील स्वच्छ कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेता येते. निकामी गादी नाल्यात वा रस्त्यावर न टाकता महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे चौकशी करावी. रुग्णाच्या वापरात डागाळलेली गादी मात्र कोणासही दान करू नये, ही आमची सर्व हितचिंतकांस नम्र विनंती आहे.