चोवीस मिनिटांची झुंज

येत्या रविवारी सायंकाळी आमच्या वाचनालयातील तरुण मंडळी सभागृहातील मोठ्या पडद्यावर फुटबॉलचा एक सामना दाखवणार आहेत. सामना २०१९ सालचा, लंडनचा. त्यात गवत नाही, चेंडू नाही, घामाने निथळणारे बावीस गडीही नाहीत. दोन तरुण हातात कंट्रोलर घेऊन बसतात, आणि ते बोटांनी जे करतात ते पडद्यावरची चित्रे पायांनी करतात. या प्रकाराला ई-स्पोर्ट्स म्हणतात. त्या वर्षीच्या फिफा ई-वर्ल्ड कपचा हा अंतिम सामना.

फलकावर सूचना लागल्यापासून आमच्या ज्येष्ठ सभासदांत कुजबूज सुरू आहे. जुम्मादादा आणि प्रो. माणिकराव यांच्या व्यायामशाळेचे हे बडोदे. येथे आता खुर्चीत बसून खेळ खेळायचे काय, असा त्यांचा सवाल. तो अगदीच गैर आहे असे मी म्हणणार नाही. बैठका-जोरांची जागा कंट्रोलर घेणार नाही, घेऊही नये. पण ज्याला सम कळत नाही त्याला ख्यालगायन म्हणजे नुसता आलापांचा गोंधळ वाटतो, आणि त्यात दोष गवयाचा नसतो. सामना पाहण्याआधी त्यातली सम कोठे आहे तेवढे सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच. शेवटचा निकाल मात्र मी सांगणार नाही. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांनीही शेजाऱ्याच्या कानात कुजबुजू नये, ही विनंती.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, ही जागतिक स्पर्धा २००४ साली सुरू केली. पहिला विजेता ब्राझीलचा तियागो कारिसो द अझेवेदो. त्यानंतर अनेक देशांचे विजेते झाले. स्पेनच्या अल्फोन्सो रामोसने २००८ आणि २०१२ अशी दोनदा बाजी मारली. फ्रान्सच्या ब्रूस ग्रानेकने २००९ आणि २०१३ अशी दोनदा. पण लागोपाठच्या दोन स्पर्धा जिंकणे २०१९ उजाडेपर्यंत एकालाही साधले नव्हते. याचे एक कारण खेळाच्या घडणीतच आहे. फुटबॉलचे नियम वर्षानुवर्षे टिकतात, बुद्धिबळाचा घोडा शतकानुशतके अडीच घरेच चालतो. या खेळाची आवृत्ती मात्र दरवर्षी बदलते. गेल्या वर्षी हमखास गोल देणारा फटका यंदा निष्प्रभ होतो, नवी युक्ती येते, धावण्याचा वेग वेगळा लागतो. एखाद्या तबलजीच्या तबल्याची शाई दरसाल कोणी परभाऱ्या बदलून जावे, आणि त्याने मात्र तोच कायदा तितक्याच सफाईने वाजवावा, तशी ही अपेक्षा!

ती पुरी करायला निघालेला तरुण म्हणजे रियाधचा मोसाद अल-दोसरी. २०१८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, याच लंडनच्या थेम्सकाठच्या ओ-टू सभागृहात त्याने बेल्जियमच्या स्तेफानो पिनाला अंतिम फेरीत दोन डाव मिळून ४-० असे हरवले आणि अडीच लाख डॉलर्सचे बक्षीस नेले. बरोबर एका वर्षाने, ऑगस्ट २०१९ मध्ये, तो त्याच सभागृहात, तेवढ्याच बक्षिसासाठी, पुन्हा अंतिम फेरीत येऊन बसला.

समोर जर्मनीच्या बोखुम गावचा बावीस वर्षांचा मोहम्मद हारकूस. खेळातले त्याचे टोपणनाव मोऑबा. तो वेर्डर ब्रेमेन या क्लबकडून खेळे. हा क्लब म्हणजे जर्मनीतील खराखुरा, जुना फुटबॉल क्लब. तिकडच्या अनेक क्लबांनी असे पडद्यावरचे खेळाडूही पदरी ठेवले आहेत. आपल्याकडे संस्थानिक मल्ल आणि गवई पदरी ठेवीत, तसेच म्हणा. त्याच हंगामात हारकूस आणि त्याचा जोडीदार मिखाएल बिटनर यांनी ब्रेमेनला जर्मन क्लबांचे विजेतेपद मिळवून दिले होते. एकाच्या डोक्यावर जगाचा मुकुट आधीच होता, दुसऱ्याने तो अजून हाती धरलेला नव्हता.

आता सामन्याची रचना पाहू, कारण खरी मेख तेथे आहे.

अंतिम सामना दोन डावांचा. प्रत्येक डावात सहा-सहा मिनिटांची दोन अर्धे. पडद्यावरचे घड्याळ मात्र नव्वद मिनिटे दाखवते. म्हणजे सारा मामला चोवीस मिनिटांचा, आणि दोन्ही डावांच्या गोलांची बेरीज करून विजेता ठरायचा. पण एक डाव एक्सबॉक्स वन या यंत्रावर आणि दुसरा प्लेस्टेशन फोरवर. तेव्हा स्पर्धेतील खेळाडू या दोन यंत्रांत वाटलेले असत. प्रत्येक बाजूचा अजिंक्य ठरे आणि मग ते दोघे एकमेकांना भिडत. अल-दोसरी एक्सबॉक्सचा राजा, हारकूस प्लेस्टेशनचा. म्हणजे प्रत्येकाला एक डाव आपल्या घरच्या आखाड्यात आणि एक परक्याच्या.

खेळ तोच, चित्रे तीच, मग यंत्र बदलल्याने काय बिघडते? बिघडते ते डाव्या अंगठ्याचे. खेळाडूला धाववणारी जी छोटी दांडी डाव्या अंगठ्याखाली असते, ती एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर वरच्या बाजूला आणि दिशांची चार बटणे तिच्याखाली. प्लेस्टेशनवर नेमके उलट : चार बटणे वर, दांडी खाली. २०१९ च्या आवृत्तीत याच चार बटणांनी भर सामन्यात संघाचा पवित्रा बदलता येई. बचावात्मक करता येई, आक्रमक करता येई. तेव्हा हजारो तासांच्या सवयीने घाईत वर गेलेला अंगठा परक्या कंट्रोलरवर भलत्याच ठिकाणी पडण्याचा धोका. हे दोघेही दुसऱ्या यंत्राचा सराव करून येतात, हे खरे. पण पट्टीचा पेटीवादकही दुसऱ्याची पेटी समोर आली की पहिल्या दोन आवर्तनांत जरा जपूनच बोट टाकतो. त्या दोन आवर्तनांकडे लक्ष ठेवावे.

दुसरी गोष्ट संघांची. येथे प्रत्येक खेळाडू आपला संघ जगभरच्या आजी-माजी फुटबॉलपटूंच्या पत्त्यांतून जमवतो. त्यामुळे १९८८ साली नेदरलँड्सला युरोपचे अजिंक्यपद मिळवून देणारा कप्तान रूड गुलिट आजच्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून धावताना दिसतो, आणि क्वचित दोन्ही बाजूंनी धावतो! गुलिटच गुलिटला अडवतो आहे, हे पाहून हसू येईल. पण त्यात या खेळाचे मर्म आहे. सर्वोच्च पातळीवर दोन्ही संघ जवळजवळ सारखे होतात. संघ बरा नव्हता, राखणदार कच्चा होता, पाऊस आडवा आला, यांपैकी एकही सबब उरत नाही. उरतात दोन मने आणि वीस बोटे. म्हणून मी याला फुटबॉल न म्हणता कुस्तीच्या जवळचा मानतो.

(हे पत्ते पाकिटांतून मिळतात आणि पाकिटे पैसे देऊनही घेता येतात. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या सरकारी यंत्रणेने २०१८ साली हा सरळ जुगार ठरवला, आणि २०१९ च्या जानेवारीत कंपनीला त्या देशात ही विक्री थांबवावी लागली. उत्तम केले. घरातल्या मुलांच्या हाती हा खेळ देणाऱ्या पालकांनी खेळाला भिऊ नये, पाकिटांना भ्यावे.)

पाहताना डोळा कोठे ठेवावा? आपण सारे चेंडूकडे पाहतो. माझी शिफारस अशी की, ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे पाहावे. अकरा गड्यांपैकी एका वेळी एकच गडी खेळाडूच्या ताब्यात असतो, बाकीचे दहा यंत्राच्या बुद्धीने चालतात. प्रतिस्पर्धी चाल करून येताना कोणता गडी ताब्यात घ्यायचा आणि किती घाईने सोडून दुसरा पकडायचा, यावर बचाव उभा राहतो किंवा कोसळतो. पडद्यावर गड्याच्या डोक्यावर एक लहानसे चिन्ह उडत उडत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. त्याच्या मागे लागा. कच्चा खेळाडू चेंडूजवळच्याच गड्याला धरून धावत सुटतो आणि मागची जागा मोकळी टाकतो. तयारीचा खेळाडू चेंडूला हातही लावत नाही. तो चेंडू जेथे जाणार ती वाट बंद करून नुसता उभा राहतो. या उभे राहण्यातली ताकद ज्याला दिसली, त्याला सामना कळला.

आणि एक फटक्याविषयी. २०१९ च्या आवृत्तीत गोलावर फटका मारताना बटण एकदा दाबायचे आणि, हिंमत असेल तर, पाय चेंडूला लागतो त्या क्षणी पुन्हा एकदा. दुसरी दाब नेमकी पडली तर फटका सणसणीत आणि अचूक. निमिषभर चुकली तर साध्या फटक्याहूनही वाईट. ती घ्यायचीच अशी सक्ती नाही. अडीच लाख डॉलर्स समोर असताना ती दुसरी दाब कोण घेतो आणि कोण टाळतो, यावरून माणूस ओळखावा.

पहिल्या डावाचा निकाल सांगून ठेवतो, म्हणजे दुसरा अधिक रंगेल. तो डाव एक्सबॉक्सवर, अल-दोसरीच्या घरच्या आखाड्यात झाला आणि १-१ असा बरोबरीत सुटला. वरवर पाहता कोणी जिंकले नाही. पण घरी बरोबरी म्हणजे यजमानाची घडी चुकली, असे म्हणावे लागेल. हारकूसने परक्या कंट्रोलरवर बारा मिनिटे काढली आणि तो काही न गमावता आपल्या यंत्राकडे वळला. दुसरीकडे, ज्याने आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात दोन्ही यंत्रांवर मिळून एकही गोल अंगावर घेतला नव्हता, त्याला परक्या यंत्राचे भय दाखवण्यात अर्थ नाही. शिवाय बरोबरीत सुटलेल्या डावानंतर ज्याचे यंत्र त्याच्याकडूनच साऱ्यांची अपेक्षा. जिंकला तर त्यात नवल नाही आणि हरला तर तोंड लपवायला जागा नाही. हे ओझे आता हारकूसच्या पाठीवर.

मध्यंतरात यंत्र बदलते, हातात दुसरा कंट्रोलर येतो. दुसरा डाव सुरू होताच पहिले मिनिटभर पडद्यावरचा चेंडू सोडून अल-दोसरीच्या डाव्या अंगठ्याकडे पाहा.