कागदाच्या डोळ्याने पाहा

एखाद्या जुन्या कंत्राटदाराच्या कपाटात गडद निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांनी काढलेला इमारतीचा नकाशा तुम्ही कधी पाहिला आहे काय? छपाईच्या सोप्या रीती आल्या आणि हे निळे नकाशे मागे पडले. ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द मात्र अजून आपल्या बोलण्यात आहे.

हे नकाशे कोणी निळ्या रंगाने रंगवीत नसे. ते सूर्यप्रकाशाने छापले जात. या रीतीला सायनोटाइप म्हणतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ती शोधून काढली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या वनस्पतींच्या अभ्यासक बाईंनी समुद्रशैवालांचे नमुने अशा कागदावर ठेवून त्यांची निळी-पांढरी चित्रे छापण्यास व पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली.

ही रीत शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. घरातील एखादे छायाचित्र, समजा फेटा बांधलेल्या आजोबांचे, संगणक आणि शाईचे थेंब उडवणारा इंकजेट प्रिंटर यांच्या मदतीने असे निळे छापता येते. मात्र पहिला प्रयत्न बहुधा फसतो. तो का फसतो आणि कसा सुधारायचा, हे आज पाहू.

निळा रंग येतो कोठून?

सायनोटाइपच्या कागदावर दोन क्षारांचे मिश्रण लावलेले असते : फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. पहिल्या क्षारातील लोह ‘फेरिक’ स्वरूपात असते. त्यावर प्रखर प्रकाश पडला की सायट्रेटकडून त्याला एक इलेक्ट्रॉन मिळतो आणि ते ‘फेरस’ होते. हे फेरस लोह फेरिसायनाइडशी संयोग पावून प्रशियन निळा हा पाण्यात न विरघळणारा रंग तयार होतो. जेथे प्रकाश पडला नाही तेथील क्षार विरघळते राहतात आणि कागद धुतला की निघून जातात. थोडक्यात, उजेड तेथे निळे आणि सावली तेथे पांढरे.

आजोबांचा पांढरा फेटा छापात पांढरा यावा असे वाटत असेल, तर त्या जागी प्रकाश अडवला पाहिजे. काळ्या कोटाच्या जागी तो जाऊ दिला पाहिजे. म्हणून मूळ चित्राच्या छाया उलट केलेले पारदर्शक चित्र लागते. यालाच व्यस्त प्रत किंवा रोजच्या भाषेत निगेटिव्ह म्हणतात. ‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द छायाचित्रणात रूढ केले तेही हर्शेल यांनीच, १८४० मध्ये.

मोठ्या छापाला मोठी निगेटिव्ह

चांदीच्या क्षारांचा छायाचित्राचा कागद फार संवेदनशील असतो. छोट्या निगेटिव्हची वाढवलेली प्रतिमा दिव्याने त्यावर काही सेकंद पाडली की पुरते. सायनोटाइपला मात्र भर उन्हात काही मिनिटे लागतात. त्यामुळे प्रतिमा वाढवून पाडणे व्यवहारात जमत नाही. निगेटिव्ह कागदाला चिकटवून ठेवावी लागते आणि छाप जेवढा हवा तेवढीच मोठी निगेटिव्ह करावी लागते.

पूर्वी यासाठी मोठा कॅमेरा किंवा अंधारखोलीतील बरेच काम लागे. संगणकाने हे काम हलके केले. अमेरिकेतील छायाचित्रकार डॅन बर्कहोल्डर यांचे संगणकावर निगेटिव्ह तयार करण्याविषयीचे पुस्तक १९९५ मध्ये निघाले. पुढे घरगुती प्रिंटर सुधारले आणि हे काम टेबलावर होऊ लागले. प्रिंटर शाईचे जे थेंब उडवतो ते काही पिकोलिटरचे असतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग! एवढ्या बारीक ठिपक्यांमुळे पारदर्शक फिल्मवर नाजूक छटा उमटतात.

दोन निगेटिव्ह, दोन निकाल

आता असे पाहा. दोन शाळांतील मुलांनी आजोबांचे तेच चित्र घेतले, संगणकावर छाया उलट केल्या आणि आपापल्या प्रिंटरवर निगेटिव्ह काढली. खिडकीशी धरून पाहिले तर दोन्ही सारख्या दिसतात. दोन्ही उन्हात ठेवल्या. एका छापात फेट्याचे वेढे दिसेनासे झाले, चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या छापात फेटाही निळा झाला आणि सारे चित्र अंधारात बुडाले. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या निगेटिव्हांनी असे निराळे निकाल का दिले?

याचे उत्तर शोधण्यासाठी १८०१ सालाकडे जाऊ. जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि त्यावर सिल्व्हर क्लोराइड ठेवले. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ते सर्वांत अधिक काळे पडले. तेथे अदृश्य किरण होते. त्यांना आपण जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतो.

सायनोटाइपचा कागदही मुख्यतः याच किरणांनी काम करतो. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. हा कागद प्रामुख्याने ४०० च्या खालचा पाहतो. प्रिंटरची शाई बनवणाऱ्यांनी मात्र ती माणसाच्या डोळ्यांसाठी बनवलेली असते. डोळ्यांना दाट काळी दिसणारी शाई जंबुपार किरणांना बऱ्यापैकी वाट देऊ शकते. उलट, फिकट वाटणारी पिवळी शाई ते किरण चांगलीच अडवू शकते. दोन प्रिंटरांच्या शाया निराळ्या, म्हणून छापही निराळे.

येथे ‘घनता’ ही कल्पना उपयोगी पडते. शाईच्या थरातून प्रकाशाचा दहावा भाग पार गेला तर घनता १, शंभरावा गेला तर २. निगेटिव्हच्या सर्वांत उजळ आणि सर्वांत दाट भागांतील घनतेचा फरक म्हणजे तिचा पल्ला. चांदीच्या साध्या कागदाला सुमारे १ एवढा पल्ला लागतो, सायनोटाइपला दीडच्या आसपास. आपल्याला हवी ती जंबुपार प्रकाशातील घनता, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मग ती मोजायची कशी? ज्याला ती दिसते त्यालाच विचारायचे, म्हणजे कागदाला!

प्रयोगाची तयारी

शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन द्रावणे करा. पहिल्यात १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्यात १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. वापरण्याच्या वेळी दोन्ही सम भागांत मिसळा आणि चित्रकलेच्या जाड कागदावर स्पंजने पातळ व सारखे लावा. हे काम खिडकीपासून दूर, मंद पिवळ्या दिव्याच्या उजेडात करून कागद अंधारात वाळवा.

हातमोजे घाला. स्वयंपाकाची भांडी वापरू नका. फेरिसायनाइडमधील सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते. तरीही त्यात तीव्र आम्ल मिसळू नका आणि ते तापवू नका, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो.

फिल्म घेताना ती इंकजेटसाठी लेप दिलेली आहे ना, हे पाहा. लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटर अशी फिल्म वापरतात. झेरॉक्ससाठीच्या साध्या फिल्मवर शाई ओघळते. छापलेली फिल्म एक दिवस वाळू द्या.

कागदाला तीन प्रश्न

पहिला प्रश्न : वेळ किती? कागदावर कोरी फिल्म ठेवा, वर काच दाबून बसवा. पुठ्ठ्याने झाकत झाकत पट्ट्यांना १, २, ४, ८ आणि १६ मिनिटे ऊन द्या. मग पिवळेपणा जाईपर्यंत पाण्यात धुवा. ज्या पट्टीपुढे निळा रंग आणखी गडद होत नाही, तो तुमचा वेळ. यापुढे तोच ठेवा. कोऱ्या फिल्मखाली पूर्ण निळे आलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न : शाई कोणती? फिल्मवर काळा, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे चौकोन छापा आणि ठरलेल्या वेळेइतके ऊन द्या. ज्या चौकोनाखाली कागद सर्वांत पांढरा राहिला, तो रंग जंबुपार किरण सर्वांत अधिक अडवतो. पुष्कळदा काळ्याला मागे टाकून भलताच रंग पहिला येतो! म्हणून काही छायाचित्रकारांच्या निगेटिव्ह हिरव्या किंवा नारिंगी दिसतात.

तिसरा प्रश्न : किती शाईला किती छटा? निवडलेल्या रंगाचे ० पासून १०० टक्क्यांपर्यंत दहा-दहाच्या अंतराने अकरा चौकोन छापा. ऊन द्या, धुवा, आणि एक दिवस थांबा, कारण हवेतील ऑक्सिजनमुळे निळा रंग हळूहळू गडद होतो. मग छाप स्कॅन करून प्रत्येक चौकोनाचा निळेपणा मोजा. सर्वांत गडद निळ्याला १०० म्हणा, कोऱ्या कागदाला ०.

समजा, आकडे असे आले : ० टक्के शाईला निळेपणा १००, १० ला ८५, २० ला ६५, ३० ला ५०, ४० ला ३५, ५० ला २२, ६० ला १२, ७० ला ५ आणि ८० च्या पुढे सर्वत्र ०. आता पहिल्या शाळेचा छाप का फसला ते कळेल. जेथे निळेपणा ५० हवा होता तेथे ५० टक्के शाई पडली आणि निळेपणा २२ च उरला. चेहरा फिका पडला. फेट्याच्या वेढ्यांच्या छटा ८० ते १०० टक्के शाईत होत्या. त्या साऱ्या सारख्याच पांढऱ्या झाल्या.

आलेख उलटा वाचा

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर शाई, उभ्या अक्षावर निळेपणा घेऊन वक्र काढा. एरवी आपण आडव्या अक्षावरून उभ्याकडे जातो. येथे उलट जायचे. निळेपणा ५० हवा? उभ्या अक्षावर ५० शोधा, आडवे वक्रापर्यंत जा, तेथून खाली उतरा : शाई ३० टक्के. निळेपणा १२ साठी ६० टक्के, शुद्ध पांढऱ्यासाठी ८० टक्के.

चित्र सुधारण्याच्या बहुतेक संगणकीय साधनांत ‘कर्व्हज’ नावाची सोय असते. तेथे हेच आकडे भरा : ५० च्या जागी ३०, ८८ च्या जागी ६०, १०० च्या जागी ८०. मग अकरा चौकोन पुन्हा छापून पाहा. ते सम अंतराने फिके होत गेले तर तुमचा वक्र बरोबर. नाही तर पुन्हा मोजा. दुसऱ्या शाळेच्या प्रिंटरचा वक्र अगदी वेगळा येईल. १०० टक्के शाईखालीही कागद निळाच राहिला, तर रंग बदलून पाहावा लागेल. दुसऱ्याचे आकडे उसने घेऊन चालत नाही, ते याचसाठी.

आणखी चार सूचना

चित्र छापताना ते आरशातल्यासारखे उलटे करा, म्हणजे शाईची बाजू कागदाला भिडवता येते. नाही तर फिल्मच्या सुमारे दहाव्या भाग मिलिमीटर जाडीतून तिरपे किरण शिरतात. जंबुपार किरणांचा मोठा भाग साऱ्या आकाशातून विखरून येतो, त्यामुळे रेषा धूसर होतात.

ऊन दर तासाला बदलते. म्हणून चाचण्या निरभ्र दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास करा.

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी अल्कधर्मी असेल तर निळा रंग फिका पडतो. पहिल्या धुण्याच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घाला. हे का होते ते पाहायचे असेल, तर वाया गेलेल्या छापावर धुण्याच्या सोड्याचा एक थेंब टाका.

शेवटची सूचना वहीसंबंधी. तारीख, वेळ, कागद, शाई, आकाश कसे होते, हे प्रत्येक छापाच्या मागे पेन्सिलीने लिहा. फसलेले छाप टाकू नका. फेट्याचे वेढे एकेक करून दिसू लागतील तेव्हा ते कोणत्या बदलामुळे दिसले, हे या नोंदीच तुम्हाला सांगतील.