भिंत पाडण्याआधी छताला टेकू!

“स्वयंपाकघर आणि जेवणघरामधली ही भिंत काढली तर घर किती ऐसपैस होईल, नाही?” हा विचार तुमच्याही मनात कधीतरी आलाच असेल. ताटवाट्यांच्या फेऱ्या वाचतील, उजेड येईल, पोळ्या लाटता लाटता मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेवता येईल. गवंडी तर लगेच म्हणतो, “दोन दिवसांचं काम आहे, वहिनी!”

पण जरा थांबा. ती भिंत नुसता आडोसा आहे, की डोक्यावरचं ओझं पेलते आहे?

जुन्या विटांच्या घरांत ९ इंची किंवा त्याहून जाड भिंती बहुधा भार घेतात. पण साडेचार इंची दिसली म्हणून बेफिकीर राहू नका. कधी कधी तीही भार घेते. नुसती टकटक करून हे कळत नाही. त्यासाठी इंजिनिअरच हवा. फ्लॅट असेल तर सोसायटीची आणि पालिकेची परवानगीही घ्या. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं होतं.

आता कामाचा क्रम. आधी टेकू, मग घण! भिंतीच्या दोन्ही अंगांना, दोन-तीन फुटांवर लोखंडी जॅकची रांग लावतात. छताशी आणि फरशीवर जाड फळी घालतात, म्हणजे भार एका जागी येत नाही. खाली दुसरं बिऱ्हाड असेल तर तिथेही त्याच रेषेत टेकू हवेत. टेकू घट्ट बसावा, पण छत वर रेटू नये. नाहीतर स्लॅबला तडे जातात. वरच्या मजल्यावरही त्याच जागी भिंत असेल, तर खालच्या भिंतीत आरपार गर्डर घालून तिला वेगळा आधार द्यावा लागतो.

मग भिंत वरून खाली, थोडी थोडी उतरवायची. तिच्या जागी इंजिनिअरने सांगितलेल्या मापाचा गर्डर बसवायचा. त्याची दोन्ही टोकं काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकायला हवीत, आणि गर्डर व छत यांमधली फट मसाल्याने गच्च भरायला हवी. तुळई काँक्रीटची असेल तर तिला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात. टेकू कधी काढायचे ते इंजिनिअर सांगेल, तेही एकेक करून.

तोवर टेकूंना कपड्यांची दोरी बांधू नका, मुलांना त्यांच्याभोवती खेळू देऊ नका. गॅसची शेगडी दुसऱ्या खोलीत हलवा. पसारा होईल, धूळ होईल. थोडे दिवस सोसा.

आणि एक सांगते. दुपारी घरात बहुधा आपणच असतो. “वहिनी, हा एक टेकू मधे येतोय, काढू का?” हा प्रश्न आपल्यालाच विचारला जातो. तेव्हा संकोच करू नका. “इंजिनिअरसाहेब आल्याशिवाय हात लावायचा नाही,” असं ठणकावून सांगा. त्या छताखाली आपलीच माणसं निजायची आहेत!