रायगड किनाऱ्यावरील कौटुंबिक कागदपत्रे : जतनासाठी निवडीचे निकष

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्यातील अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांतील जुन्या घरांत दस्तऐवज, हिशेबाच्या वह्या व पत्रे आढळतात. दमट हवा, वाळवी आणि घरांची पडझड यांमुळे ती वेगाने नष्ट होतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले व अनेक घरांची छपरे उडाली. माळ्यावरच्या दप्तरांना अशा वेळी कोणतेही संरक्षण उरत नाही. सर्वच कागद जपणे कुटुंबांना शक्य नसते. म्हणून निवडीचे निकष निश्चित करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रूढ समजूत व तिची मर्यादा :
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. या कार्यामुळे खासगी कागदांचे मोल अधोरेखित झाले. तथापि सनदा, इनामपत्रे व नामवंतांची पत्रे तेवढी 'ऐतिहासिक' आणि उरलेली रद्दी, ही समजूत आजही आढळते.

तिची मर्यादा चरीच्या शेतकरी संपावरून स्पष्ट होते. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळील चरी व परिसरातील कुळांनी १९३३ ते १९३९ या काळात खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. वसुलाच्या वह्या व कबुलायती खोताच्या दप्तरात असत. कुळाकडे असलीच तर एखादी पावती असे. केवळ मोठ्या घराण्यांचे दप्तर जपल्यास या संघर्षाची एकच बाजू उरेल. म्हणून कुळाच्या घरातील साधी पावतीही मोलाची ठरते.

निवडीचे निकष :
१) दुर्मीळता : सातबारा, फेरफार, नोंदणीकृत खरेदीखत यांच्या नोंदी शासकीय कार्यालयांत असतात. हक्काचे मूळ दस्त कायदेशीर गरजेसाठी राखावेतच. परंतु त्यांच्या जादा नकला वगळता येतात. याउलट घरखर्चाची वही, मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलाचे पोस्टकार्ड किंवा सासुरवाशिणीने माहेरी लिहिलेले पत्र यांची दुसरी प्रत कोठेही नसते.

२) संदर्भ : एका रुमालातील कागद वेगळे करू नयेत. पत्रावर तारीख नसल्यास पाकिटावरील टपालाचा शिक्का ती सांगतो. म्हणून पाकीटही ठेवावे.

३) लिपी : मोडीतील कागद जाणकाराकडून वाचून घेतल्याविना टाकू नये. वाचता न येणे हे निरुपयोगी असण्याचे प्रमाण नव्हे.

४) खासगीपणा : हयात व्यक्तींविषयीचा नाजूक मजकूर जाळून टाकण्याऐवजी ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवणे श्रेयस्कर होय.

निष्कर्ष :
'हा कागद कोणाचा?' यापेक्षा 'हा नष्ट झाल्यास कोणती माहिती कायमची नाहीशी होईल?' हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा कागदांच्या याद्या व छायाचित्रे तयार करावीत. मूळ कागद कुटुंबाकडेच राहिला, तरी त्यातील माहिती पुढील वादळातून वाचेल.