समुद्र हटवून उभी राहिलेली मंडई

बोस्टनमध्ये फॅन्युएल हॉलसमोर फोटो काढून झाले आणि पोटात कावळे कोकलू लागले की पर्यटक मागच्या लांबलचक दगडी इमारतीत शिरतात. मधून अरुंद वाट, दोन्ही बाजूंना खाण्याचे स्टॉल, क्लॅम चाउडरचा वास आणि ही गर्दी! बाहेर पडताना दर्शनी खांबांना हात लावून बघा. एकेक खांब ग्रॅनाइटच्या एकाच अखंड दगडातला आहे.

हे क्विन्सी मार्केट. कागदोपत्री नाव फॅन्युएल हॉल मार्केट. पण लोकांनी ते बांधवून घेणाऱ्या महापौरांचेच नाव चालवले.

जोसाया क्विन्सी (१७७२–१८६४) हे फेडरलिस्ट पक्षाचे. १८०५ ते १८१३ ते अमेरिकी काँग्रेसमध्ये होते आणि बहुतेक काळ अल्पमतातच. १८०९ मध्ये त्यांनी अध्यक्ष जेफरसन यांच्या महाभियोगाच्या दिशेने चौकशीचा ठराव आणला. विरोधात ११७ मते, बाजूने एक. तेही त्यांचे स्वतःचे. पुढे काही वर्षे राज्याच्या विधिमंडळात काढून १८२३ मध्ये ते बोस्टनचे दुसरे महापौर झाले. माझ्या मते त्यांचा खरा पिंड इथे दिसला. पहाटे घोड्यावर बसून शहराची फेरी, रस्त्यांची झाडलोट, जुगारअड्ड्यांवर धाडी. पण सगळ्यांत मोठे काम या मंडईचे.

तेव्हा फॅन्युएल हॉलच्या मागे साचलेल्या, घाण पाण्याची गोदी होती आणि भाजी-मांसाचे विक्रेते रस्त्यावर पसरलेले. क्विन्सींनी शहरातर्फे जागा विकत घेतल्या, गोदीत भराव टाकला, सहा नवे रस्ते काढले. मधोमध अलेक्झांडर पॅरिस यांच्या आराखड्यानुसार सुमारे ५३५ फूट लांबीची मंडई. दोन्ही अंगांचे भूखंड गोदामांसाठी विकून खर्चाची मोठी भरपाई. एप्रिल १८२५ मध्ये कोनशिला बसली आणि ऑगस्ट १८२६ मध्ये बाजार भरलादेखील! आपल्याकडच्या कोणत्याही महापालिकेला हेवा वाटावा असा वेग.

त्याच वर्षी बोस्टनने मुलींसाठी हायस्कूल काढले. अर्जांची इतकी झुंबड उडाली, की खर्च परवडत नाही म्हणून क्विन्सींच्याच काळात ते गुंडाळले गेले. पालक चिडले, अग्निशमनाची घडी बदलल्याने बंबवालेही आधीच नाराज होते. डिसेंबर १८२८ च्या निवडणुकीत बहुमत हुकले आणि त्यांनी माघार घेतली. लगेच १८२९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्षपद मिळाले. तिथे ते १८४५ पर्यंत राहिले.

विसाव्या शतकात मंडईला अवकळा आली. दुरुस्तीनंतर ती पुन्हा उघडली २६ ऑगस्ट १९७६ रोजी, बरोबर दीडशे वर्षांनी. क्विन्सींचा पुतळा मात्र इथे नाही. त्यासाठी स्कूल स्ट्रीटवरच्या जुन्या सिटी हॉलपर्यंत थोडे चालावे लागते.