वाळवंटातील ओपल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेव्हाडा राज्याच्या वायव्य भागात, ऑरेगन राज्याच्या सीमेपासून जवळच, व्हर्जिन व्हॅली नावाचे एक खोरे आहे. उघडेबोडके डोंगर, खुरटी झुडुपे आणि अत्यल्प पाऊस असा हा वाळवंटी मुलूख. या रुक्ष भूमीच्या पोटात ओपल हे रत्न सापडते. आणि पाण्यावाचून तर ओपल घडतच नाही.

या विसंगतीचे मूळ प्राचीन काळात आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी, मायोसीन कालखंडात, येथे तळी व अरण्ये होती. ज्वालामुखींतून उडालेली राख तळ्यांत साचली आणि पाण्याबरोबर वाहत आलेली खोडे व फांद्या तिच्याखाली गाडल्या गेल्या. राखेतून झिरपणाऱ्या पाण्यात तिच्यातील सिलिका विरघळली. पुढे लाकूड कुजून गेले व त्याच्या जागी ही सिलिका साचून घट्ट झाली. म्हणूनच येथील कित्येक ओपलांना फांदीचा घाट लाभलेला दिसतो.

ओपल म्हणजे सिलिकेच्या अतिसूक्ष्म गोलकांचा, पाणी धरून ठेवणारा समुच्चय होय. हे गोलक एकसारख्या आकाराचे असून शिस्तीने रचलेले असतील, तरच प्रकाशाचे विवर्तन होऊन इंद्रधनुष्याचे रंग खेळू लागतात. रचना विस्कळीत असेल, तर तो दगड सामान्यच राहतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी हे रहस्य १९६४ च्या सुमारास उलगडले.

परंतु हेच पाणी व्हर्जिन व्हॅलीच्या रत्नांचे वैरीही ठरते. जमिनीतून बाहेर काढलेले ओपल कोरड्या हवेत पाणी गमावू लागते, आकुंचन पावते आणि त्यावर भेगांचे जाळे पसरते. कधी थोड्या दिवसांत, तर कधी काही वर्षांनी हे घडते. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील बऱ्याच ओपलांप्रमाणे येथील खड्यांना घासून आकार देऊन ते दागिन्यांत जडविणे धोक्याचे असते. अनेक नमुने पाण्याने भरलेल्या काचपात्रांतच जपून ठेवतात.

१९१७ मध्ये येथे सापडलेले ‘रोब्लिंग ओपल’ २,५८५ कॅरट, म्हणजे अर्ध्या किलोग्रॅमहून थोडे अधिक, वजनाचे आहे. ते वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. १९८७ मध्ये नेव्हाडाने येथील कृष्णवर्णी ओपलास राज्याच्या रत्नाचा मान दिला. तथापि हा मान मिळालेल्या रत्नाचे तेज पाहावयाचे, ते बहुधा अंगठीत नव्हे, तर पाण्याच्या बरणीतच.