जागेवर थरथरणारे इंजिन
गरम झालेले पेट्रोल इंजिन गाडी उभी असताना साधारणतः मिनिटाला ७०० ते ९०० फेरे घेते. आरपीएमचा काटा खालीवर होऊ लागला, स्टिअरिंग थरथरले किंवा सिग्नलला गाडी बंद पडली, तर हवा, इंधन आणि ठिणगी यांपैकी कशात तरी बिघाड असतो. काटा स्थिर असूनही केबिन हादरत असेल, तर संशय इंजिन माउंटिंगच्या रबरावर घ्यावा.

चेक इंजिनचा दिवा लागला असल्यास आधी स्कॅनर लावतात. पी०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरमधील मिसफायर दाखवतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असेल, तर इंजिन बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करतात. नंतर पी०३०२ आला, तर दोष कॉइलचा. कोड तोच राहिला, तर स्पार्क प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासतात.

कोड नसेल, तर एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी पाहावी. थ्रॉटलच्या पाकळीवर कार्बन साचला, की जागेवर लागणारी थोडीशी हवाही अडते. तो थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने निघतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या काही गाड्यांत त्यानंतर स्कॅनरने रीसेट करावे लागते. व्हॅक्यूमची नळी चिरली असेल, तर अनेकदा बॉनेटखाली सूं-सूं आवाज येतो. नळी बदलणे हाच उपाय.

मिसफायर होत असताना गाडी रेटू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो निकामी होतो आणि प्लगच्या तुलनेत तो फार महाग पडतो.